डोळ्यातला ठिपका

दाना ओली या आमच्या गल्लीत समोर राहणारे फोटोग्राफर कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकी बघतात, मग माणूस. त्यांचा तो दबका आवाज मला कधीच आवडला नाही, पण उजेड त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. गल्लीत कुणी गेलं की हार घालायचा फोटो तेच मोठा करून देतात. फोटोत डोळे विझलेले दिसले, तर बारीक ब्रशने बुबुळावर पांढरा ठिपका घालतात. म्हणतात, "बस, इतकाच फरक असतो."

मी घरून ऑनलाइन गणित शिकवते. मुलांना माझा चेहरा अंधारात दिसतो, म्हणून परवा या फोटोग्राफरना बोलावलं. त्यांनी माझी खुर्ची खिडकीकडे फिरवली, पाठीमागची ट्यूबलाइट बंद केली, टेबललॅम्पवर बटर पेपर लावला.

"डोळ्यांत लाइट दिसायला पाहिजे, वहिनी."

आधी आमचे हे बसले. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत ठिपका लगेच चमकला. मग मी बसले. त्यांनी दिवा वर घेतला, खाली घेतला, अगदी नाकासमोर आणला. चेहरा छान उजळला, पण स्क्रीनवर माझे डोळे काळेच राहिले.

"कॅमेराच खराब असेल," मी हसून म्हटलं.

ते हसले नाहीत. दिवा जागेवर ठेवून त्यांनी चपला घातल्या आणि दारातून हळूच म्हणाले, "राहू द्या, वहिनी. टेन्शन नका घेऊ. नंतर ठिपका मी घालून देईन."