तिने मूठच दाखवली होती

माझ्या बायकोने त्या दिवशी मूठच दाखवली होती, आणि मी ती पाहिली होती. ऊन माझ्या पाठीकडून होतं, काच स्वच्छ होती, आणि ती हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर उभी होती. हे आधी लिहून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं तर तिथे पोचेपर्यंत मी त्याला काहीतरी बरे कपडे घालीन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

मूठ म्हणजे थांब. डोंगरातल्या वाटांवर जीप घालणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. चढ अवघड असला की ड्रायव्हरला बॉनेटच्या पुढची जमीन दिसतच नाही, वर नुसतं आकाश दिसतं. म्हणून एक जण खाली उतरून पुढे उलटा चालतो आणि चाकं कुठे टाकायची ते हातांनी दाखवतो. बोटं स्वतःकडे हलवली की ये. हात डावीकडे, की डावीकडे घे. मूठ वर धरली की आहेस तिथे थांब, आणि का ते विचारायचं नाही. नियम एकच, स्टिअरिंगवर बसलेल्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, फक्त पुढच्याचे हात बघायचे. आमच्यात पुढे चालणारी ती होती.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत डिझाइनला, आणि ती डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम गप्प झालं. आम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं वागायला लागलो. घरात काहीतरी खटपट हवी म्हणून मी एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. शेजारच्या काकू म्हणाल्या, या वयात लोक अष्टविनायक करतात, तुम्ही चिखलात कसले लोळताय. बायको म्हणाली, काकू, तिथे रांग नसते. त्या वर्षी आम्ही जेवढे हसलो तेवढे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही हसलो नसू. रविवारी उजाडता उजाडता निघायचं, मुरबाडच्या अलीकडे मिसळ खायची, डांबर संपलं की टायरमधली थोडी हवा काढायची आणि लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेला लागायचं. तिच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत लाल माती लागलेली असायची आणि परत येताना ती सीटवर मांडी घालून झोपून जायची.

तिची नजर फार चोख होती. लॅबमध्ये दिवसभर नळ्या, लेबलं, थेंब बघणारी बाई. कुठला दगड रुतलेला आहे आणि कुठला नुसता टेकलेला आहे, हे तिला लांबून कळायचं. तरी पाय देऊन बघायची. मग वळून हात करायची. मी तसा साधारण ड्रायव्हर. तिच्या हातांवर मी अशा जागा चढलो जिथे आज मी पायीसुद्धा जाणार नाही.

पुढे आम्ही जीपवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये सामील झालो. दहा-बारा गाड्या, ठाण्याचे, कळव्याचे, कल्याणचे. कोलशेतचे एक गृहस्थ वयाने मोठे, सगळे त्यांना दादा म्हणत. बहुतेक बायका गाडीत बसून शूटिंग करायच्या किंवा डबे उघडायच्या. पुढे चालणारी ही एकटीच. दोन-तीन रविवारांत सगळ्यांनाच तिचे हात हवे झाले. कोणाची गाडी अडली की, वहिनींना बोलवा. एकदा शहापूरकडच्या एका ओढ्यात माझी गाडी बंद पडली, काही केल्या निघेना. ती म्हणाली, मी बघू का, आणि माझ्या जागी बसून तिने ती सरळ बाहेर काढली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेव्हा दादा मला म्हणाले, "गाडी वहिनींच्या जिवावर चालते रे तुझी. तू नुसता स्टिअरिंग धरून बसतोस."

सगळे हसले, तीसुद्धा हसली. साधी मस्करी होती. पण ती व्हॉट्सॲप ग्रुपवर रुजली. रविवार जवळ आला की कोणीतरी लिहायचंच, वहिनी येणार ना, नाहीतर भाऊ घरीच थांबतील. मी खाली दात दाखवणारी चित्रं टाकायचो. आणि घरी तिच्याशी उगाच तुटक बोलायचो. तिला कळायचं नाही काय बिनसलंय, आणि मी सांगत नव्हतो. बायकोच्या कौतुकाने पोटात दुखतंय, हे पुरुष कोणाला सांगणार?

तो रविवार दिवाळीनंतरचा. गवत पिवळं पडलेलं, माती सुकून मुरूम सुटा झालेला. डोंगराच्या कडेने जाणारी चढाची वाट, उजवीकडे कातळ, डावीकडे उतार. मधोमध एक वळण. माझी गाडी पहिली होती. ती वळणाच्या पलीकडे, कातळाला लागून उभी होती. बाकीची मंडळी खाली, मोबाइल वर करून. वळणामुळे तिला फक्त मी पाहू शकत होतो.

तिने मला अर्ध्यापर्यंत व्यवस्थित आणलं. मग ती माझ्या डाव्या मागच्या चाकाकडे बघत थबकली आणि तिने मूठ वर केली.

मी थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर गाडी मागे घ्यावी लागली असती, खाली सगळ्यांसमोर उतरावं लागलं असतं, पुन्हा सुरुवात करावी लागली असती. खालून दादांचा आवाज आला, थांबू नकोस, चढव. मी तिच्या मुठीकडे बघत ॲक्सिलरेटर दाबला. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मला नेमकं आठवतं. मनात होतं, प्रत्येक वेळी काय तुझंच ऐकायचं.

डाव्या चाकाखालचा दगड सुटला. गाडीची मागची बाजू उताराकडे घसरली आणि तोंड फिरून कातळाकडे गेलं. मध्ये ती होती. बंपर आणि कातळाच्या मध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली सापडला. ती ओरडली नाही. तिने बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू आता पुढे काय करायचं ते मी सांगणार होतो.

तिला दादांच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं करून कल्याणला आणलं. वाटेत ती शुद्धीत असून नसल्यासारखी होती. दादांनी गाडी चालवता चालवता विचारलं, झालं काय नेमकं? वहिनींनी काय दाखवलेलं?

"ये म्हणाली," मी म्हणालो.

एवढंच. खोटं बोलायचं असं ठरवलंही नव्हतं. तोंडातून गेलं आणि दादांनी च् च् केलं. म्हणाले, होतं असं, हात चुकतो माणसाचा. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ग्रुपमध्ये सगळ्यांना कळलेलं होतं की वहिनींचा हात चुकला.

ऑपरेशन झालं, पायात सळई बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नीट जागी झाली. तिची बहीण उशाशी मोसंबी सोलत बसली होती. बायकोने आधी मुलीला कळवलं का विचारलं, मग लॅबमध्ये. मग म्हणाली, "मी मूठ केलेली ना रे?"

खरं सांगायची वेळ होती तर ती. बहिणीसमोर लाज वाटली असती, थोडी बोलणी खाल्ली असती. पायाचं दुखणं तेवढंच राहिलं असतं. मी तिच्या अंगावरची चादर सरळ केली.

"नाही गं. बोटं हलवलीस. ये म्हणालीस. जाऊ दे आता, होतं."

तिने उजवा हात चादरीवरून उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. बहीण म्हणाली, बघ, एका शब्दाने बोलला नाही तुला, नशीबवान आहेस. मी नको नको अशी मान हलवली. मी माझ्या बायकोला चारचौघांत माफ केलं.

त्यानंतर मी तिची सेवा केली. भांडं दिलं, वॉकर धरला, डबे आणले, रजा काढल्या. बिल्डिंगमध्ये माझं उदाहरण द्यायला लागले. जीप विकली, तेव्हाही लोक म्हणाले, बायकोसाठी छंद सोडला. मी काही बोललो नाही. माझा स्वभावच कमी बोलायचा, असं सगळे समजतात. ते मला फार सोयीचं पडलं.

पाय सुधारला, थोडी लंगडते एवढंच. सुधारलं नाही ते दुसरंच. ती लॅबला परत गेली आणि लेबलं दोनदा वाचायला लागली. मग तीनदा. मग शेजारच्या मुलीला बोलावून वाचून घ्यायला लागली. एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, मी सोडते. मी विचारलं, का. म्हणाली, "मला पक्कं आठवत होतं की मी मूठ केली. अगदी पक्कं. आणि ते चूक निघालं. उद्या कोणाच्या रक्ताचा गट मला असाच पक्का वाटला तर?"

मी समोर बसलो होतो. चहा पीत होतो. मी म्हणालो, तुला वाटतं तसं कर.

पाय मोडला तो एका क्षणाच्या माजामुळे, त्याला निदान तेवढी सबब आहे. त्या संध्याकाळी मला काहीच घाई नव्हती. विचार करायला पूर्ण चहाचा कप होता. तरी मी तिला नोकरी सोडू दिली.

मग तिने स्कूटर चालवणं सोडलं. मग बाजारात सुटे पैसे माझ्याकडे देऊन, बरोबर आहेत ना, विचारणं सुरू झालं. जी बाई मला डोंगर चढवायची, ती फडके रोड ओलांडताना माझी बाही धरायला लागली. लोकांना ते गोड वाटायचं.

मधल्या काळात मुलीचं लग्न झालं. यंदा ती बाळंतपणाला आली. म्हणजे यायची होती, पण त्याआधी तिचा मला ऑफिसात फोन आला, रडत. म्हणाली, बाबा, आई म्हणते मी बाळाला हात लावणार नाही, न्हाऊमाखूला बाई ठेव. कारण विचारलं तर सांगते, माझा भरवसा नको. असं कसं बोलते ती? तिला मी नकोय का?

त्या दिवशी मी लवकर घरी गेलो. ती मेथी निवडत बसली होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि सांगितलं. सगळं, जसं इथे लिहिलं तसं. मूठ, दादांचा आवाज, माझ्या मनात आलेलं वाक्य, हॉस्पिटलातलं उत्तर. ती मेथीची पानं खुडत ऐकत होती. मी संपवलं तेव्हा तिने जुडी बाजूला ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"तिने फोन केला ना तुला?"

हो म्हणालो. पण त्याचा याच्याशी संबंध नाही म्हणालो.

"कळलं रे मला. बरं वाटावं म्हणून सांगतोयस. पण असलं काही स्वतःवर ओढून घेऊ नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, लगेच कळतं."

मी चिडलो. आवाज चढवला. मी शपथ घेतली, तिची, मुलीची. म्हणालो, मी पाहिली तुझी मूठ, अंगठा बाहेर होता, मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. ती हसली, दमलेल्या पोराला समजवावं तसं. म्हणाली, मग तेव्हाच नसतं का सांगितलंस? एवढी वर्षं बायकोला असं कोण ठेवेल? तू तसला नाहीस.

मी ग्रुपवरही लिहिलं. इतकी वर्षं मी तिथे गप्प होतो, त्यामुळे सगळ्यांनी वाचलं असणार. खाली जोडलेले हात आले, हृदयं आली. दादांचा फोन आला. म्हणाले, वहिनींसाठी एवढं करतोयस, मोठं मन लागतं याला. पण ग्रुपवर नको टाकूस, नवीन पोरांना वाटेल खरंच आहे.

बाळ झालं, नात आहे. न्हाऊ घालायला बाई येते. आजी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते, टॉवेल हातात धरून, आणि बाईने हात पुढे केला की टॉवेल देते. काल बाईचा बाहेर ठेवलेला फोन वाजला. मुलगी आत झोपली होती. बाईने गुंडाळलेलं बाळ हिच्यापुढे धरलं, म्हणाली, आजी, धरा जरा. हिने हात मागे घेतले आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"घेऊ?"

"घे," मी म्हणालो.

"नक्की?"

मी हो म्हणालो. माझ्या शब्दावर तिने नात हातात घेतली. कोपर आखडलेले, खांदे वर. बाळ तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होतं. ती बाळाकडे बघत नव्हती. बाई परत येईपर्यंत ती माझ्याच तोंडाकडे बघत उभी राहिली.