तिन्ही मोटारींचा पडदा

ऊन लागतं म्हणून नातवानं मोटारीच्या काचेला काळा पडदा लावला, आणि जहागिरी गेल्यावर आमची शेवटची मोटार विकली ती दुपार आठवली. सोलापूरचं गिऱ्हाईक अंगणात उभं होतं आणि वडील त्याला आपल्या तिन्ही मोटारींची पारख ऐकवत होते. पहिली विलायती, बसायला मऊ, पण तुळजापूरच्या घाटात धापा टाकायची. दुसरी देखणी, पण पेट्रोल लई प्यायची. ही तिसरी अमेरिकन मात्र राणी. घाट चढताना पेल्यातलं पाणी हलत न्हाय. दाराआड आई, बायकांच्या गोषासाठी मोटारीला लावलेले मखमली पडदे काढून आणून त्यांच्या घड्या घालत होती. प्रत्येक नव्या मोटारीला हेच पडदे लागत आले होते. वडिलांनी तिला विचारलं, "तुम्हाला कोणती आवडायची?" असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. आई म्हणाली, "मला कसं कळावं? वीस वर्षं मी हा एकच पडदा बघितला." वडिलांनी किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली. मी नातवाला म्हटलं, "काढ तो पडदा. लागू दे ऊन."