बराबर सरांचं उरलेलं म्हणणं

समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्याच गुणाने त्याचा घात केला. आमचे अर्थशास्त्राचे सर. वर्गात कुणी तावातावाने वाद घालायला उठलं की ते हात वर करून म्हणायचे, "थांब. आधी तो काय म्हणतोय ते तू सांग. तो 'बराबर' म्हणाला, की मग तुझं." मूळचे अमळनेरचे, पण उभा जन्म सुरतेत गेलेला, त्यामुळे तोंडात इथलंच 'बराबर' बसलेलं. सगळं कॉलेज त्यांना बराबर सर म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

घरीही तोच प्रकार. काकू म्हणायच्या, "अगं, यांच्याशी भांडायची सोयच नाही. मी चिडले की माझं भांडण हेच माझ्यापेक्षा चांगलं भांडतात. मग मला हसू येतं आणि सगळा राग वाया जातो."

माझं शिक्षण या सवयीमुळेच झालं. माझे वडील लूमवर कामाला, राहायला आम्ही लिंबायतला. पहिलं वर्ष झालं आणि वडिलांनी ठरवलं, आता पुरे, पोरीचं लग्न करायचं. मी सरांपुढे रडले. रविवारी सर थेट घरी हजर. "बरं शे ना भाऊ?" म्हणत अहिराणीत सुरुवात केली आणि मग काय, वडिलांचीच बाजू मांडायला लागले! पोरगी जास्त शिकली तर आपल्यात तिला जोडीचा मुलगा मिळत नाही, भाऊबंद नावं ठेवतात, उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर तिला कोण बघणार. मी आतून ऐकत होते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, याचसाठी बोलावलं होतं का यांना? वडील मात्र मान डोलवत "बराबर, सर, बराबर" म्हणत होते. मग सर म्हणाले, "आता माझं ऐका." आणि वडिलांनी ऐकलं. चहा दोनदा झाला. सोमवारी मी कॉलेजला गेले.

दर शनिवारी तास संपले की कॉलेजच्या सायकल स्टँडमध्ये सरांचा कट्टा भरायचा. विषय कोणताही, माणूस कोणताही, नियम तो एकच. हजीऱ्यातले कारखाने, बारडोलीचा ऊस, रिझर्व्हेशन, लग्नातला खर्च, सगळं तिथे निघालं. मराठी, गुजराती, हिंदी, जे तोंडात येईल ते. तिथेच एकदा मी आमच्या प्रिन्सिपलना भित्रे म्हटलं. सर म्हणाले, "माणूस सोड गं. खुर्ची बघ. त्यांना त्या खुर्चीत कुणी बसवलं? ट्रस्टने. काढणार कोण? ट्रस्ट. तुम्ही खूश झालात तर त्यांना काय मिळतं? काही नाही. तुम्ही गप्प बसलात तर? खुर्ची टिकते. मग त्यांनी कुणाचं ऐकावं?" मी म्हटलं, "म्हणजे ते बरोबरच करतात?" तर म्हणाले, "मी त्यांचं सांगितलं. माझं अजून कुठे सांगितलं?"

मी शेवटच्या वर्षाला असताना हितेश नावाच्या मुलाने कट्ट्यावर विषय काढला, की कॉलेजच्या मागच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलचा धूर वर्गात येतो, पण त्यावर इथे कुणी बोलत का नाही? ती मिल आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांची. सगळे त्यांना शेठ म्हणत. हितेशचं बोलणं कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि ते गावभर फिरलं. आठवड्याच्या आत शेठनी बैठक बोलावली. विषय एकच, कट्टा बंद करायचा. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मीही तिथे होते. सर मला बाहेरच म्हणाले, "घाबरू नकोस. बोलू देतील तर वाचेल कट्टा."

सर उभे राहिले आणि सवयीप्रमाणे आधी शेठचं म्हणणं मांडायला लागले. कॉलेज देणग्यांवर चालतं, देणारे दुखावले तर नवी इमारत अडकेल, परवानग्या अडकतील. शेठ खुशीत "बराबर, बराबर" म्हणू लागले. आणि सर थांबेनात! म्हणाले, इथल्या कितीतरी मुलांचे बाप याच मिलमध्ये कामाला आहेत, पोराच्या एका वाक्यासाठी बापाची नोकरी जाऊ शकते, त्या पोराला हे कळायचं वय नाही. हे तर शेठना सुचलंही नव्हतं. शेठ उठले, सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बस, सर खुदज माने छे. कट्टो बंध." म्हणजे सरांनाच मान्य, विषय संपला. खुर्च्या सरकल्या. मी ओरडले, "शेठ, सरांचं अजून बाकी आहे!" शेठ हसले. "बेन, सर एटलुं सरस बोल्या, हवे शुं बाकी रह्युं?" इतकं छान बोलले, आता काय बाकी राहिलं म्हणे! प्रिन्सिपल खाली बघत होते. सर तसेच उभे, तोंड अर्धवट उघडं. मला ते तोंड आजही दिसतं.

सोमवारी नोटीस लागली, की सरांच्या संमतीने कट्टा बंद करण्यात येत आहे. मुलं चवताळली. हितेश स्टाफरूममध्ये घुसला, मी त्याच्या मागोमाग. "तुम्ही विकले गेलात!" मी म्हटलं, आता तरी सर खरं सांगतील. तर सर म्हणाले, "तुझं म्हणणं असं, की ज्याने बोलायला शिकवलं त्यानेच वेळ आल्यावर तोंड बंद केलं. आणि याहून वाईट म्हणजे, ते आमच्या नावाने केलं." हितेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "बराबर," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यालाही पुढचं ऐकायचं नव्हतं. अहो, जगात कोण थांबतं हो दुसऱ्याचं पुढचं ऐकायला? माझे अडाणी वडील थांबले होते, तेवढेच.

सर निवृत्त झाले, काकू गेल्या. गेल्या वर्षी सर आजारी असल्याचं कळलं म्हणून उधन्याला त्यांच्या घरी गेले. अगदी वाळले होते. इकडचं तिकडचं झालं आणि मला राहवेना. म्हटलं, "सर, त्या दिवशीचं तुमचं म्हणणं मी सांगते. बराबर की नाही ते तुम्ही सांगा." त्यांचे डोळे चमकले. मी सुरुवात केली, की शेठ स्वार्थी होते, प्रिन्सिपल भित्रे होते. त्यांनी हात वर केला. "हे तुझं झालं. माझं सांग."

मी पुन्हा सांगितलं. की बापाची नोकरी जाईल म्हणून पोरगा गप्प बसत असेल, तर धूर नुसता वर्गात नाही, घरातही शिरलाय. आणि ज्या कॉलेजात हे बोलता येत नाही, त्याला नवी इमारत कशाला हवी? सर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "जवळ आलीस. थोडं राहिलं."

"काय राहिलं, सर?"

"शोध की. रविवारी ये, परत सांग."

सर गुरुवारीच गेले.

पोळ्या लाटताना, बसची वाट बघताना मी अजून ते म्हणणं जुळवत असते. परवा एकदा असं जुळलं, असं जुळलं, की मी भर स्वयंपाकघरात मोठ्याने बोलले आणि थांबले. मग लक्षात आलं, 'बराबर' म्हणणारं आता कुणी नाही.