कुठले अण्णा

चिंतामणी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात संगणक सांभाळतो. सांगितलं तेवढं करायचं, विचारलं तेवढंच बोलायचं, असा माणूस. बारा वर्षांत त्याच्याविषयी कुणाची तक्रार नाही आणि कुणाला सांगण्यासारखं फारसं काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या फायली एका ठिकाणी ठेवणारं यंत्र आलं. कारखान्यात त्याला डबाच म्हणतात. मालकांचा मुलगा ऋतुराज म्हणाला, डिझाईनच्या फोल्डरमध्ये बदल करायचा अधिकार फक्त अण्णांना ठेवा, बाकीच्यांना नुसतं बघू द्या. चिंतामणीने तसंच केलं. आता ऋतुराजच्या घरी अण्णा म्हणजे वडील. कारखान्यात वडिलांना सगळे मालक म्हणतात आणि अण्णा म्हणजे डिझाईन काढणारे बाळासो. चिंतामणीने अधिकार बाळासोंना दिला. ऋतुराजला नेमकं त्यांनाच लांब ठेवायचं होतं. ते दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते, मालकांनी मुदतवाढ नाकारली होती, जाताना रागाने सगळं पुसून गेले तर?

बाळासोंना जाण्याआधी एकच काम उरकायचं होतं. तीस वर्षांत काढलेल्या एकशे चाळीस डिझाईनपैकी कुठलं कुठल्या मागावर अडतं, कुठल्याला सूत किती ढिलं सोडायचं, हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. रोज दुपारी जेवणाचा डबा खाऊन झाला की ते एकेका डिझाईनशेजारी टीप लिहीत.

सहा आठवड्यांनी मालक स्वतः एक फाईल ठेवायला गेले, तर त्यांनाच परवानगी नाही. घोळ उघडा पडला. कुणी कधी काय बदललं याच्या डब्यातल्या नोंदी ऋतुराजने काढल्या. एकशे एकतीस टिपा, आणि पुसलेलं काहीच नाही. तो बराच वेळ वाचत बसला. मग अण्णांचा अधिकार काढायला सांगितलं.

"साहेब, नऊच राहिल्यात."

"राहू द्या. चूक ती चूक."

चिंतामणीने अधिकार काढला. मला इथे त्याचा राग येतो. अजून एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळासोंची टीप सेव्ह होईना. त्यांनी चिंतामणीला बोलावलं. त्याने काय झालं ते सगळं सांगितलं, मालकांच्या मुलाचा संशयही.

बाळासोंनी चष्मा काढून खिशात घातला. "बघता येतंय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की," म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

चिंतामणी जायला उठला, आणि परत बसला. डबा सांभाळणारा म्हणून त्याला सगळीकडे लिहिता येई; कीबोर्ड आपल्याकडे ओढून त्याने स्वतःच्या नावाने फोल्डर उघडलं.

"तुम्ही सांगा, अण्णा. मी लिहितो."

नऊ टिपा व्हायला संध्याकाळ झाली. डब्यातल्या नोंदीत प्रत्येकीपुढे चिंतामणीचं नाव आणि वेळ उमटली. ऋतुराज हल्ली रोज सकाळी त्या नोंदी बघतो, हे चिंतामणीला माहीत होतं.