दाजींनी साफ केलेला डोंगर

माझे दाजी भारत गांगुर्डे यांना किळस येते. कोणाला दमा असतो, कोणाला मूळव्याध, तशी यांना किळस. कपाचा कान चिकट लागला की येते, पाहुण्याने मोज्यांसकट पाय सोफ्यावर घेतले की येते आणि डोंगरावर माणसं दिसली की सगळ्यात जास्त येते. ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. आयुष्यभर सुटे भाग हातात घेतले, डोळ्यासमोर धरले आणि नापास केले. निवृत्त झाल्यावर सुटे भाग संपले, तेव्हा माणसं नापास करायला घेतली.

मी त्यांचा मेहुणा सुनील. नाशिकरोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आठवडाभर उभं राहून पाय मोडतात, तरी रविवारी दाजी मला अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरी चढायला लावतात. वाटेत वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या ते गोणीत भरतात. ते काम चांगलं आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण ब्रह्मगिरीवर लोक दगडावर दगड रचून ठेवतात. खाली मोठा, वर लहान. ज्याला स्वतःचं घर हवं असतं, तो देवाच्या दारात असं घर मांडून येतो. ते दिसलं की दाजींचा ओठ एका बाजूला वळतो. "शी! बँकेत जायचं सोडून दगड रचताहेत!" असं म्हणत बुटाच्या टोकाने रास उडवायची आणि पुढे चालायचं. एकदा सिन्नरच्या एका नवराबायकोने हटकलं, तर त्यांनाच अर्धा तास व्याख्यान. मला त्या दिवशी दाजींची किळस आली होती. पण मोठ्या बहिणीचा, आशाताईचा, नवरा पडला. तोंड उघडायची सोय नाही.

त्यांची मुलगी संजना नॉर्वेत नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात तिने आई-वडिलांना बोलावलं, आणि आशाताईचे गुडघे दुखतात म्हणून सोबतीला मला. आठ दिवसांनी ती आम्हाला एका बेटावर घेऊन गेली. बेटाचं नाव लेका.

आमच्या सह्याद्रीचा दगड काळा. हा डोंगर पिवळट तांबडा, नुसता उघडा. झाड नाही, धड गवत नाही. संजना म्हणाली, "पप्पा, हा समुद्राच्या तळाच्याही खालचा दगड आहे. पृथ्वीच्या पोटातला. एरवी माणसाला कधी दिसत नाही, इथे तो वर आलाय." मी हात लावून पाहिला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. दाजींनी मात्र चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेंदूर फासल्यासारखा दिसतोय. इथेही सुटका नाही."

ज्याच्या घरी उतरलो होतो तो म्हातारा मेंढ्या पाळायचा. सकाळी त्याने बकरीच्या दुधाचं गोडूस तपकिरी चीज पुढे केलं. दाजींनी हुंगलं आणि त्याच्यादेखत ताटलीच्या कडेला सारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संजनाने तेवढ्यात वाट समजावून सांगितली. "माझा ऑफिसचा कॉल संपला की मी मागून येते. खाली लाल रंगाचे खांब आहेत. वर उघडा खडक लागला की दगडांच्या राशी. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते. त्या धरून जायचं आणि त्या धरूनच यायचं."

हे ऐकायला दाजी होतेच कुठे? ते अंगणात बुटाच्या नाड्या बांधत होते. "अहो, ऐकून तरी घ्या," ताई म्हणाली. "मला डोंगर शिकवू नका," असं म्हणून ते निघालेसुद्धा.

खांब संपेपर्यंत ताई आणि मी मजेत चढलो. पुढे खडक लागला आणि राशी काही दिसेनात. इकडेतिकडे सुटे दगड पडलेले, बस्स. वर दाजींची लाल टोपी दिसत होती, तीच धरून आम्ही चालत राहिलो. मग समुद्रावरून ढग आला. येतो म्हणावं तोवर आलासुद्धा. टोपी गेली, खडक गेला, माझे स्वतःचे बूट मला नीट दिसेनात. ताईचा पाय भेगेत गेला, गुडघा मुरगळला आणि ती खाली बसली ती उठेचना. वारा सुरीसारखा. एका बाजूला डोंगर तुटून सरळ समुद्रात गेलाय हे चढताना पाहिलं होतं. ती बाजू आता कुठली, ते कळत नव्हतं.

संजनाला फोन लागला, एवढं नशीब. मी स्पीकर लावला.

"मामा, आईला धरा आणि राशीराशीने हळूहळू खाली या."

"अगं, राशी आहेत कुठे? एकसुद्धा नाही."

"असं कसं होईल? मी मागच्याच महिन्यात आले होते."

आमचे आवाज ऐकून दाजी ढगातून बाहेर आले. हात झटकत, चेहऱ्यावर समाधान. "नसणारच," ते म्हणाले. "सगळ्या साफ केल्या मी. इतक्या लांब येऊनही आपल्या लोकांनी घाण करून ठेवलीय. घरासाठी नवस! नॉर्वेत!"



"पप्पा," संजना म्हणाली, "त्या वाटेच्या खुणा होत्या. तुम्ही आईची घरी यायची वाट उडवलीत." मग तिचा आवाज फुटला. "शी, पप्पा. शी."

आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेला शब्द पहिल्यांदा दाजींना ऐकावा लागला. "मी काढतो वाट," म्हणून ते चार पावलं गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. तुटलेली बाजू तिकडेच होती. मग स्वतःचं जाकीट काढून त्यांनी ताईच्या खांद्यावर घातलं आणि उभे राहिले. मला दया यायला हवी होती. नाही आली. ताईचे दात वाजत होते, आणि त्या स्वच्छ हातांकडे बघून मला किळस येत होती.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला. दगडावर दगड ठेवल्याचा. थोडं थांबून पुन्हा, अजून जवळ. म्हातारा परतीची वाट सापडावी म्हणून रास रचत वर येत होता, मागे संजना. त्याने ताईला पाठुंगळी घेतलं आणि आम्ही त्या राशींवरून खाली उतरलो. दाजी सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी ताई गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर धरून बसली होती. म्हातारा चिडला नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. त्याने टेबलावर डोंगराचा नकाशा पसरला आणि संजनामार्फत एवढंच विचारलं, की माथ्याकडच्या राशी नेमक्या कुठे कुठे होत्या? उद्या तो त्या पुन्हा लावणार होता.

दाजींनी नकाशावर बोट ठेवलं. उचललं. दुसरीकडे नेलं, पुन्हा उचललं, तिसरीकडे टेकवलं. "सगळीकडे सारखंच दिसतं," ते म्हणाले. "मला काय माहीत? मला वाटलं नवसाच्या आहेत."

"नवसाच्या असल्या म्हणजे कोणाच्याच नसतात का?" ताईने विचारलं.

ताई असं बोलत नाही. दाजींनी मान वर केली.

"आपण भाड्याच्या खोलीत होतो ना, तेव्हा ब्रह्मगिरीवर एक माझी होती. मी बाजूलाच उभी होते. तुम्ही मागून आलात, पाडलीत आणि 'चल' म्हणालात. मी चालायला लागले."

नकाशावरचं बोट तिथेच राहिलं. ही काय म्हणाली म्हणून म्हातारा संजनाकडे बघत होता. संजनाने त्याला सांगितलं नाही.