दगडात मुरलेलं तांबं

दातवाल्यांनी माळ्यावरून दगडांची पोती खाली ओढली, तेव्हा बाई शिडी धरून खाली उभ्या होत्या. हे दगड पुन्हा माशांच्या टँकमध्ये जायला नकोत, हे त्या एकट्यांनाच माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या म्हणाल्या काय, तर "सावकाश, कमरेत उसण भरेल."

त्यांना दातवाले म्हणत, कारण पस्तीस वर्षं त्यांनी दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि दातांच्या टोप्या घडवल्या. कुणाच्या तोंडात कोणता दात आपला आणि कोणता दातवाल्यांचा, हे ओळखणं अवघड. बाईंची सगळी नोकरी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये झाली. दोघं नवराबायको मोजूनमापून जगणारी. भाजीत मीठसुद्धा बाई चमचा सपाट करून घालत, आणि दुसऱ्याचा चमचा शिगोशीग दिसला की त्यांच्या कपाळावर आठी.

नऊ वर्षांपूर्वी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा टँक होता. दोनशे चाळीस लिटरचा. त्यात समुद्रातले सच्छिद्र दगड, दगडांवर वाढवलेली प्रवाळं आणि चार मासे. दातवाल्यांना माणसांत बोलायला सुचत नसे, पण त्या काचेसमोर उभे राहिले की पाहुण्याला चहा गार होईपर्यंत सोडत नसत. मग त्यांच्या आई अत्यवस्थ झाल्या आणि ते तिकडे धावले. जाताना बाईंना बजावलं, की खाणं टाक, बाकी कशाला हात लावू नकोस, काही वाटलं तर फोन कर.

तिसऱ्या दिवशी पिवळ्या माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. बाईंनी फोन उचलला आणि खाली ठेवला. ज्याची आई जायच्या वाटेवर, त्या माणसाला माशाची खरूज काय सांगायची? त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली, दर वीस लिटरला एक मिली असं सांगितलं. टँकमध्ये आणखी काय आहे ते त्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. बाईंनी सिरिंजने बरोबर बारा मिली मोजून घातलं. मासे वाचले. प्रवाळं संध्याकाळपर्यंत मिटली आणि दोन दिवसांत तपकिरी चिकट लगदा होऊन दगडांवरून ओघळली. औषधात तांबं होतं. माशाला ते सोसतं, प्रवाळाला नाही, आणि सच्छिद्र दगडात ते मुरून राहतं. बाटलीवर तसं छापलेलं होतं, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. ते बाईंनी नंतर वाचलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रिपोर्टवरचं बारीक अक्षर वाचणाऱ्या बाईंनी.

आईला पोहोचवून दातवाले परत आले आणि टँकसमोर बसले. मग म्हणाले, "माझ्याच हातांनी झालं असणार." कारखान्यात रोज धातू घासायचा, धातू ओतायचा, निघायच्या दिवशी घाईत हात न धुता पंप साफ केला होता, असं त्यांना आठवलं. किंवा आठवलंसं वाटलं. बाई तेव्हाच बोलायच्या होत्या. पण माणूस नुकता पोरका झालेला, चार दिवस जाऊ देत म्हटलं. चाराचे चाळीस झाले. दातवाल्यांनी मासे मित्राला दिले, दगड वाळवून पोत्यात भरले आणि त्या छंदाचं नाव टाकलं. नंतर सांगायचं म्हणजे दोन गुन्हे सांगायचे, एक केल्याचा आणि एक लपवल्याचा. अशी उधारी बाईंना झेपेना.

आता ते निवृत्त झाले होते आणि मित्राने गळ घातली होती. हा मित्र म्हणजे दाढी. दाढी पांढरी झाली, टोपणनाव तसंच राहिलं. दाढी घर आवरून मुलाकडे राहायला निघाला होता, आणि त्याच्याकडे बावीस वर्षांचं एक समुद्रफूल होतं. फूल म्हणायचं एवढंच. दगडाला पाय रोवून शेकडो बोटं हलवत बसणारा तो प्राणी असतो. त्याच्या बोटांत दोन केशरी मासे घर करून होते. "पोरगा मला सांभाळेल, हिला नाही सांभाळणार," दाढी म्हणाला होता. "तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?"

हात म्हटल्यावर दातवाले आपल्या हातांकडे बघत राहिले. पण हो म्हणाले.

दोन महिने टँक तयार होत होता. जुनीच काच, जुनेच दगड. ते रोज सकाळी पाणी तपासत, वहीत लिहीत. जे तपासायचं ते सगळं तपासत. त्यांच्या कारखान्यातल्या धातूत तांबं नसे, म्हणून ते तपासायचं डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. सहाव्या आठवड्यात त्यांनी शेवाळ खायला पाच गोगलगायी सोडल्या. तीन दिवसांत पाचही तळाला उलट्या पडल्या. दातवाल्यांनी त्या वेचून काढल्या. दुसऱ्या दिवसापासून ते कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून टँकमध्ये हात घालू लागले, आणि त्याआधी मोरीत ब्रशने हात घासू लागले. बाहेरून तो खरखर आवाज ऐकत बाई पोळ्या लाटत होत्या. एक पोळी करपली.

त्या दिवशी बाईंनी चोरून तांबं तपासायचं किट मागवलं. ते यायला आठवडा लागला. समुद्रफूल यायचं होतं रविवारी. किट आलं रविवारी सकाळी अकराला, आणि दातवाले दहालाच दाढीकडे गेले होते.

बाईंनी ओट्यावर पांढरा कागद अंथरला. दोन बाटल्या घेतल्या. एकीत टँकचं पाणी. दुसरीत कोपऱ्यातल्या नव्या पिंपातलं पाणी, पुढे पाणी बदलायला म्हणून दातवाल्यांनी मीठ घालून ठेवलेलं, दगडांना न लागलेलं. तुलनेला दुसरा नमुना घेतल्याशिवाय तपासणी करायची नाही, हे अंगात मुरलेलं. थेंब घातले, घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं. मनातून त्यांना दोन्ही बाटल्या स्वच्छ राहायला हव्या होत्या. तसं झालं असतं तर त्या पुन्हा गप्प बसल्या असत्या, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक होतं.

पिंपाची बाटली पाण्यासारखी राहिली. टँकच्या बाटलीत फिकट जांभळी झाक आली. फिकट, पण होती. उजेडात धरली तरी होती, चष्मा पुसून पाहिली तरी होती.

फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ते फोन उचलत नसत, आणि गाडीत बादली असताना तर उचलणारच नव्हते. दाढीला लावला. दाढीने उचलला, म्हणाला, "वहिनी, दोन्ही हातांनी बादली धरली आहे, खांद्यात फोन आहे, पोहोचतोच आहोत," आणि फोन पडल्याचा आवाज आला.

ते दोघं आले तेव्हा बाई टँक आणि दार यांच्या मधोमध उभ्या होत्या. दाढीने मांडीवरून मूल उतरवावं तशी बादली अलगद जमिनीवर ठेवली. त्याचा टँक सकाळीच मोडून भंगारात गेला होता. परत न्यायला जागा नव्हती. दातवाल्यांनी हातमोजे चढवले आणि बादलीचं झाकण काढलं.

"अहो, थांबा."

"अगं, पाणी गार होतंय."

"त्या पाण्यात ते मरेल. दगडात तांबं मुरलंय."

दातवाले हसले, अगदी थोडं. "तांबं कुठून येईल?"

"मी घातलं. तुम्ही आईंकडे होतात तेव्हा. माशांना ठिपके आले होते, मी औषध आणून घातलं. प्रवाळं त्यानेच गेली. तुमच्या हातांनी नाही."

दाढीने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग शहाणपणाने फक्त बादलीकडे बघत राहिला.

"तुला माहीत होतं," दातवाले म्हणाले, "मी काय समजत होतो ते?"

इथे बाईंना सतरा गोष्टी सांगता आल्या असत्या. आईंचं आजारपण, दुकानदार, बारीक अक्षर. घसा खाकरूनही झाला.

"हो," त्या म्हणाल्या.

दातवाल्यांनी हातमोजे काढले. घडी घातली नाही, तसेच टाकले. बाईंना वाटलं हे आता दार उघडून चालू लागणार. ते म्हणाले, "बादलीत किती वेळ काढेल?"

"दोन तास. फार तर तीन," दाढी म्हणाला.

"पिंपातलं पाणी चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "तेही तपासलंय."

दोन्ही बाटल्या त्यांनी पुढे केल्या. दातवाल्यांनी त्या खिडकीशी नेऊन पाहिल्या, फार वेळ. मग हीटर पिंपात लावायला घेतला. जुना नको, नवा काढ, एवढं दाढीला सांगितलं. समुद्रफूल पिंपात उतरवलं तेव्हा ते मुठीएवढं आखडलेलं होतं. केशरी मासे त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिले, घर बंद करून कुणी गावाला गेल्यासारखे. संध्याकाळी दाढी निघाला. दारात बाईंना हळूच म्हणाला, "वहिनी, आज जिभेला विश्रांती द्या." बाई एरवी असलं ऐकून घेणाऱ्या नव्हेत.

रात्री दातवाले जेवले नाहीत. सकाळी सगळे दगड एकेक करून बाहेर काढले, टँकच्या काचाही सुट्या केल्या. बाई पोत्याचं तोंड धरायला गेल्या. त्यांनी धरू दिलं, पण बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्रफुलाने पाय रोवले. चौथ्या दिवशी निम्मी बोटं बाहेर आली. पाचव्या दिवशी सकाळी दातवाल्यांनी वही आणि किट बाईंपुढे टेबलावर ठेवलं.

"पाणी रोज तू तपासायचंस. येईल तो आकडा मला सांगायचा. वाईट आला तर आधी."

बाईंनी तपासलं. क्षार ठीक, उष्णता ठीक.

"तांबं?"

"शून्य."

"पुन्हा कर."

लॅबमध्ये एका मोठ्या डॉक्टरने असं म्हटलं होतं, तेव्हा बाईंनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं होतं आणि तो आठवडाभर वेगळ्या दाराने येत होता. आता त्या उठल्या, बाटली धुतली, पिंपातून नवं पाणी घेतलं आणि घड्याळ पंधरा मिनिटांवर लावलं. दातवाले समोरची खुर्ची ओढून बसले, पंधराही मिनिटं.