गादीवाल्यांचे मेसेज आणि इस्त्रीवाल्या वहिनी

…तर न्यायाधीशबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "पण हे मेसेज पाठवले कोणी?" आणि गादीवाल्यांचा वकील तिसऱ्यांदा म्हणाला, "कोणीच नाही, बाईसाहेब. यंत्र आपोआप पाठवतं."

इथेच काल चहा आला आणि गोष्ट राहिली. जे काल नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून धरतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे, दुकान कसलं, एक टेबल आणि वर पत्रा. तिथल्या बाईंना अख्खी गल्ली वहिनी म्हणते. माझ्याहून लहान आहेत, पण गल्लीनं एकदा नातं ठरवलं की म्हाताऱ्यालाही अपील नाही. धुलाईच्या कारखान्यात मोठाल्या यंत्रांपाशी उमेदीची वर्षं गेली आणि तिथेच कानही गेले. तापलेल्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब चर्र करतो ना, तो त्यांना ऐकू येत नाही. तो कसा नाचतो त्यावरून त्या ताव ओळखतात. पाठमोऱ्या असताना गिऱ्हाईक हाक मारून निघून जाईल ही धास्ती कायमची, म्हणून त्यांनी एक रीत पाडून घेतली: जो येईल, जे विचारील, त्याला उत्तर द्यायचंच. कोणी नुसती मान हलवली तरी वहिनी म्हणणार, "हो हो, बघितलं हं!" तेही अशा खणखणीत आवाजात की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थबकावा.

घरी धाकटी बहीण. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली, दुसऱ्या कोणाचं मिळावं म्हणून दवाखान्याच्या यादीत नाव. ती औषधांच्या गुंगीत कधी असेल याचा भरवसा नाही, म्हणून दवाखान्यात नंबर वहिनींचा. फोन करून उपयोग नाही, म्हणून निरोप मेसेजनं येणार. आणि उत्तर लगेच गेलं नाही, तर पाळी पुढच्या माणसाची. म्हणून फोन कमरेला बांधलेला. तो थरथरला की इस्त्री टाचेवर उभी, हात पदराला, चष्मा कपाळावरून नाकावर!

आणि बघतात तर काय, गादी. 'पाठदुखी विसरा, आमची गादी घ्या.'

एकदा या गादीवाल्यांच्या दुकानाच्या चादरी इस्त्रीला आल्या होत्या, तेव्हा 'तयार झाल्या की कळवते' म्हणून नंबर दिलेला. तोच नंबर जाहिरातीच्या यंत्रात गेला. दर मेसेजच्या शेवटी लिहिलेलं असे, 'नको असल्यास फक्त बंद असे लिहा.'

"दारात आलेल्याला नुसतं 'बंद' म्हणायचं?" वहिनी मला म्हणाल्या. "कोणाचा तरी पोरगा असेल हो, पोटासाठी करत असेल."

म्हणून त्यांनी लिहिलं, 'नको बाळा, आमच्याकडे गाद्या आहेत.' यंत्राला समजे तो एकच शब्द. बाकी काहीही आलं की गिऱ्हाईक लागलं गळाला! मग मेसेजांचा नुसता पाऊस. एक नंबर अडवला की दुसऱ्यावरून हजर. दवाखाना कुठल्या नंबरावरून कळवील याचा नेम नाही, तेव्हा अनोळखी नंबर सोडून देण्याची सोय नाही.

"ताई," धाकटी अंथरुणातून म्हणायची, "इतकं बोलावतायत तर जाऊन एक लोळण तरी घेऊन ये!"

थट्टा अंगाशी आली. एका दुपारी शाळेच्या गणवेशांचा डोंगर समोर होता. फोन थरथरला, पुन्हा थरथरला. गादीच असणार, म्हणून वहिनींनी हातातली बाही पुरी केली. मग बघितलं. मूत्रपिंड मिळालं होतं, आणि तोवर पुढच्याला गेलंही होतं.

मी तिथेच होतो. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "कोणाच्या तरी घरी आज आनंद असेल. असू दे. पण आमची पाळी पुन्हा आली तर ती मला दिसली पाहिजे." आणि उठून वकील गाठला. काय काळीज म्हणायचं हे!

कोर्टात मी त्यांच्या शेजारी पाटी घेऊन बसलो. गावच्या शाळेनं मला इंग्रजी दिलं नाही, पण अक्षर असं दिलं की आंधळ्यानंही वाचावं. जो जे बोलेल ते मी लिहून दाखवायचं.

गादीवाल्यांच्या वकिलानं वहिनींची उत्तरं पुराव्याला आणली होती. "बघा बाईसाहेब, या स्वतःच संवाद वाढवत होत्या!" आणि लागला वाचायला. "'बाळा, आता पाठवू नकोस, माझ्या बहिणीच्या दवाखान्याचा निरोप यायचा आहे.' … 'तुझे मालक रागावत असतील तर त्यांना माझ्याकडे पाठव.' … 'उन्हाचं काम करतोस, जेवलास का?'"

पुढचा कागद त्यानं न वाचताच खाली ठेवला.

इथेच न्यायाधीशबाईंनी तीनदा 'पाठवले कोणी?' विचारलं, आणि वकिलाचं उत्तर मी पाटीवर लिहिलं, 'पलीकडे माणूस नव्हता. यंत्र होतं.'

वहिनींनी वाचलं, आणि त्या खणखणीत आवाजात विचारलं, "अगंबाई! मग इतके दिवस मी जेवलास का म्हणून कोणाला विचारत होते?"

गादीवाले शेटजी उठले. "आम्ही तर मेसेजवाल्या कंपनीला काम दिलं होतं, बाईसाहेब."

"गादी कोणाची?" बाईंनी विचारलं.

"आमची."

"मग मेसेजही तुमचा. नंबर चादरींसाठी दिला होता, जाहिरातीसाठी नाही. आणि 'पाठवू नकोस' हे सरळ भाषेतलं नाही म्हणणं तुमच्या यंत्राला कळत नसेल, तर तो दोष यंत्र लावणाऱ्याचा, सांगणाऱ्याचा नव्हे."

दंड झाला, मेसेज बंद करण्याचा हुकूमही झाला. शेटजींनी बाहेर येऊन हात जोडले. वहिनी त्यांना म्हणाल्या, "चादरी पाठवत जा. त्यांच्याशी माझं वैर नाही."

मग फोन गप्प. इतका गप्प की वहिनी मधूनच तो कमरेचा काढून हलवून बघत. दिवस गेले, धाकटीची थट्टा कमी होत गेली. आणि एका सकाळी मी सदरा न्यायला गेलो असताना इस्त्री एकदम टाचेवर उभी राहिली.

'मूत्रपिंड उपलब्ध आहे. येणार असल्यास लगेच उत्तर द्या.'

वहिनींना घाई होती, पण रीत ती रीत. उत्तर लिहिलं, फोन माझ्या हातात कोंबला आणि त्या घराकडे धावल्या. मी चष्मा लावून वाचलं, ते जसंच्या तसं सांगतो:

"निघालोच बाळा. इस्त्री बंद केली, आता धाकटीला चपला घालते. तू माणूस असलास तर वेळेवर जेवून घे, आणि यंत्र असलास तरी तुझे आभार."